रक्ताची स्लाईड बनवताना आणि वाचताना नेमकं चुकतं कुठे: पहिल्या टोचणीपासून रिपोर्टपर्यंत

मोबाईल मायक्रोस्कोपच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावून काढलेले स्लाईडचे फोटो मला नेहमी येतात आणि खाली विचारलेलं असतं की ह्यात आयर्न कमी दिसतंय का, बी-१२ चं काय, खाण्यात काय वाढवू. फोटो मोठा करून बघितला की बऱ्याचदा उत्तर द्यावं असं त्यात काही नसतंच, कारण पेशींचे जे विचित्र आकार दिसतायत ते स्लाईड हळू वाळल्यामुळे, बोट जोरात पिळल्यामुळे नाहीतर स्टेनमध्ये (पेशी रंगवायच्या द्रवात) पाणी गेल्यामुळे आलेले असतात. आणि तेवढ्यावरून कोणाचं तरी खाणंपिणं बदललेलं असतं, गोळ्या सुरू झालेल्या असतात, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. मधली एखादी पायरी गाळून पुढची करू नका, कारण इथे मागची चूक पुढे दुरुस्त होत नाही.

१) टोचायच्या आधी: स्लाईडवर काय दिसू शकतं हे पक्कं करा

तांबडी पेशी रक्तात साधारण १२० दिवस जगते. म्हणजे आज स्लाईडवर जे दिसतंय ते मागच्या तीन-चार महिन्यांचं आहे, काल रात्री काय खाल्लं ते तांबड्या पेशीच्या आकारात येत नाही. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रक्तात जेमतेम दिवसभर राहतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, पण त्याही जेवण दाखवत नाहीत.

खाण्याशी संबंधित आणि स्लाईडवर खरोखर दिसणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. आयर्नची कमतरता, तीही बरीच पुढे गेल्यावर. बी-१२ किंवा फोलेटची कमतरता. खूप दारू पिणाऱ्याच्या मोठ्या झालेल्या तांबड्या पेशी. ह्याशिवाय लिव्हर, किडनी, जंत, इन्फेक्शन, शिशाची विषबाधा ह्यांच्या खुणा दिसू शकतात, पण तो आहार नाही. व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन सी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ह्यातलं काहीही पेशी बघून कळत नाही. पोट साफ आहे का, शरीर आम्लधर्मी झालंय का, हेही कळत नाही. रक्ताचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ७.३५ ते ७.४५ मध्ये शरीर घट्ट धरून ठेवतं आणि तो मोजायला वेगळं यंत्र लागतं.

तपासा: तुमचा प्रश्न वरच्या मोजक्या गोष्टींत बसतो का? बसत नसेल तर स्लाईड बनवूच नका, त्या गोष्टीची थेट टेस्ट करा. आडातच नाही ते पोहऱ्यात येणार नाही.

२) सामान मांडून ठेवा

रक्त काढल्यावर शोधाशोध करत बसलात की थेंब गोठतो. म्हणून आधीच ग्लोव्ह्ज, नवीन लॅन्सेट (बोट टोचायची छोटी सुई) किंवा ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ट्यूब, स्पिरिटचा कापूस, पाच-सहा स्वच्छ स्लाईड, गुळगुळीत कडेचा स्प्रेडर (थेंब पसरवायची काच), पेन्सिल, सुया टाकायचा जाड डबा हे सगळं हाताशी पाहिजे.

स्लाईडच्या बाबतीत सगळे कंटाळा करतात. नवीन पाकिटातली असली तरी तिच्यावर तेलकट थर असू शकतो, बोट लागलं तर नक्कीच असतो, आणि त्या जागी रक्त धरत नाही, गोल गोल भोकं पडतात. स्लाईड कडेने धरायची, स्पिरिटने पुसायची, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडी करायची. तिच्यावर हलकेच श्वास सोडून बघा, वाफेचा थर सारखा बसून सारखाच उडाला तर काच स्वच्छ आहे, ठिपके ठिपके राहिले तर पुन्हा पुसा.

सावधान: रक्त कोणाचंही असो, अगदी स्वतःचं, घरच्यांचं, ते संसर्गजन्य आहे असंच समजून वागायचं. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात बाहेर किमान ७ दिवस टिकतो. एक लॅन्सेट एकाच माणसाला, एकदाच.

३) रक्त घेणं

बोटाचं घेणार असाल तर मधलं किंवा अंगठीचं बोट, पेराच्या मधोमध न टोचता जरा बाजूला. स्पिरिट लावल्यावर ते पूर्ण वाळू द्या, ओल्या स्पिरिटवर टोचलं की रक्तात मिसळून पेशी फुटतात. पहिला थेंब पुसून टाका. आणि बोट पिळू नका, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी लोक पिळतातच, पिळल्यावर रक्तासोबत आतलं पाणी येतं आणि रक्त पातळ होतं. हात थंड असेल तर आधी कोमट पाण्यात धरा. बोटाच्या रक्तात प्लेटलेटचे गुच्छ होतातच, त्यामुळे अशा स्लाईडवरून प्लेटलेट कमी-जास्त ठरवायचे नाहीत.

शिरेतून घेणार असाल तर ईडीटीए ट्यूब खुणेपर्यंत भरा. अर्धवट भरली तर ईडीटीए प्रमाणाबाहेर होतं आणि तांबड्या पेशी आक्रसतात. मग आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करा, खुळखुळ्यासारखी हलवू नका. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरवलेला रक्ताचा पातळ थर, दोन तासांच्या आत.

ट्यूब पडून राहिली की काय होतं ते एकदा मी चांगलंच अनुभवलंय. एका स्लाईडवर जवळजवळ प्रत्येक तांबड्या पेशीला काटे, न्यूट्रोफिलच्या पोटात पोकळ्या, न्यूक्लियस (पेशीचं केंद्रक) गोळा झालेला, मी मनात किडनीचा आजार धरून बसले होते. मग विचारल्यावर कळलं की ट्यूब आदल्या संध्याकाळपासून टेबलावर पडलेली. ताजं रक्त घेतलं, काटे गायब. तेव्हापासून रक्त किती वाजता काढलं हे लिहिलेलं नसेल तर मी स्लाईड वाचतच नाही.

४) स्मिअर ओढणं

थेंब छोटा, २ ते ३ मिलिमीटरचा, स्लाईडच्या एका टोकापासून साधारण १ सेंटिमीटरवर. स्प्रेडर थेंबाच्या पुढे ठेवा, मागे आणून थेंबाला टेकवा, रक्त कडेने पसरेपर्यंत क्षणभर थांबा, आणि ३० ते ४५ अंशाच्या कोनात एका दमात पुढे ओढा. दाब द्यायचा नाही, स्प्रेडरचं वजन पुरतं. थेंब टाकल्यापासून ओढेपर्यंत दोन-तीन सेकंदच, जास्त वेळ गेला तर मोठ्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट शेपटीकडे (टोकाच्या विरळ भागाकडे) आणि कडेला जमतात.

चांगला स्मिअर जिभेसारखा दिसतो, तीनेक सेंटिमीटर लांब, सुरुवातीला जाड आणि टोकाला पिसासारखा विरळ होत जाणारा, दोन्ही बाजूंना काच मोकळी. रक्त घट्ट असेल तर कोन कमी करा, अॅनिमियाचं पातळ रक्त असेल तर कोन वाढवा आणि जरा जोरात ओढा. पट्टे आले तर स्प्रेडरची कड खराब आहे, पायऱ्या पायऱ्या आल्या तर हात अडखळला. हात बसायला वीस-पंचवीस स्लाईड वाया जातात, जाऊ द्या.

तपासा: एका माणसाचे किमान दोन स्मिअर. स्लाईडच्या टोकाच्या खरखरीत, धुरकट काचेवर नाव आणि तारीख पेन्सिलने, पेनाची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते.

५) वाळवणं, जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो

ह्या पायरीवर मी मुद्दाम रेंगाळणार आहे कारण खोटा अॅनिमिया इथेच तयार होतो.

स्मिअर ओढल्याबरोबर हवेत हलवून किंवा पंख्यासमोर धरून काही सेकंदांत वाळला पाहिजे. हेअर ड्रायर नको, बर्नरवर तर नाहीच. हवा दमट असेल किंवा स्मिअर जाड असेल तर तो हळू वाळतो आणि तांबड्या पेशींच्या मध्यभागी पाणी अडकतं. मायक्रोस्कोपखाली मग प्रत्येक पेशीच्या मधोमध पांढरं भोक दिसतं. नवखा माणूस म्हणतो, बघा मधला भाग फिका, आयर्न कमी.

फरक कडेत आहे. खऱ्या आयर्नच्या कमतरतेत मधला फिकटपणा कडेकडे हळूहळू गुलाबी होत जातो, रंग कुठे संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. वाळण्याच्या चुकीत भोकाची कड पंच मारल्यासारखी तीक्ष्ण असते, आणि फाईन फोकस जरा वरखाली केला की ते भोक चमकतं, काळं पांढरं होतं. फोकस हलवून चमकलं की समजायचं, हे पाणी आहे. हीच खोट स्टेनच्या मिथेनॉलमध्ये ओलावा शिरला तरीही येते, म्हणून बाटलीचं झाकण उघडं ठेवायचं नाही.

६) स्टेन करणं

मी लिशमन नावाचा स्टेन वापरते, तेच सांगते. स्मिअर वाळल्यावर लवकरात लवकर, निदान त्याच दिवशी स्टेन करा, नाहीतर मागे निळसर झाक येते.

स्लाईड आडवी ठेवून सगळा स्मिअर झाकेल इतका स्टेन टाका, २ मिनिटं. ह्यातलं मिथेनॉल पेशी काचेवर पक्क्या करतं, ह्या वेळात स्टेन वाळू द्यायचा नाही. मग स्टेनच्या दुप्पट ६.८ पीएचचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं) पाणी घालून हलकेच फुंकून मिसळा, ८ ते १० मिनिटं ठेवा. वर सोनेरी-हिरवट साय येते. आता चूक होते ती ही की लोक स्लाईड तिरकी करून ती साय स्मिअरवरून ओततात आणि सगळीकडे जांभळे कण चिकटतात, मग कोणी त्याला प्लेटलेट म्हणतं, कोणी जंतू. स्लाईड आडवीच ठेवून बफरची बारीक धार सोडा, साय तरंगत वाहून जाऊ द्या, मग उभी करून वाळवा. मागची बाजू पुसा.

तपासा: तांबड्या पेशी गुलाबी, न्यूक्लियस जांभळे पाहिजेत. सगळं निळं-राखाडी म्हणजे पाणी अल्कधर्मी किंवा धुणं कमी पडलं. सगळं भडक लाल आणि न्यूक्लियस फिके म्हणजे पाणी आम्लधर्मी. रंग असा बिघडलेल्या स्लाईडवर पेशी फिक्या आहेत का हे ठरवू नका, दुसरा स्मिअर घ्या.

सावधान: मिथेनॉल विषारी आहे आणि पेट घेतं. खिडकी उघडी, आग लांब.

७) मायक्रोस्कोपखाली कुठे बघायचं

आधी १० एक्सच्या लेन्सने सगळा स्मिअर फिरून या. कडेला आणि शेपटीला प्लेटलेटचे गुच्छ आहेत का ते इथेच कळतं. मग ४० एक्सवर अशी जागा शोधा जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात पण एकीवर एक चढत नाहीत. तिथेच थेंबभर ऑईल आणि १०० एक्स, कंडेन्सर (स्लाईडखालचं उजेड गोळा करणारं भिंग) वर. ऑईल टाकल्यावर परत ४० एक्स फिरवून आणू नका, लेन्स खराब होते.

जागा चुकली की अर्थ चुकतो. जाड भागात निरोगी माणसाच्या पेशीही नाण्यांच्या चवडीसारख्या रचलेल्या दिसतात. अगदी शेपटीच्या टोकाला त्या सपाट होतात, मधला फिका भाग नाहीसा होतो आणि सगळ्या गोल गच्च गोळ्यांसारख्या वाटतात. मला येणाऱ्या फोटोंमध्ये हे दोन्ही भाग हमखास असतात, मधला बरोबर भाग क्वचित.

८) वाचायचा क्रम

आधी तांबड्या, मग पांढऱ्या, मग प्लेटलेट. किमान दहा फील्ड (लेन्सखाली एका वेळी दिसणारा भाग) बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही, एका फील्डवरून तर कधीच नाही.

आकार: तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, साधारण लहान लिम्फोसाईटच्या (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) न्यूक्लियसएवढी. जवळचा लिम्फोसाईट शोधा आणि त्याच्याशी ताडून बघा, नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. मधला फिका भाग व्यासाच्या एक-तृतीयांशाएवढा हे नॉर्मल.

आयर्न कमी असेल तर पेशी लहान, फिकटपणा निम्म्याच्या पुढे गेलेला, लहानमोठ्या पेशींची सरमिसळ आणि मधूनच पेन्सिलीसारख्या लांबुडक्या पेशी. पण लहान आणि फिक्या पेशी थॅलेसेमिया मायनरमध्येही (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) असतात आणि तिथे महिनोन्महिने आयर्न देऊन उपयोग नसतो. एक साधा हिशोब करून बघा: काऊंटच्या (सीबीसी) रिपोर्टमधल्या एमसीव्हीला (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) दर मायक्रोलीटर दशलक्षातल्या आरबीसी (तांबड्या पेशी) काऊंटने भागा. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाकडे संशय, वर आलं तर आयर्नकडे. हा इशाराच आहे, खात्री फेरिटिन (आयर्नच्या साठ्याची टेस्ट) आणि हिमोग्लोबिन एचपीएलसीनेच (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी टेस्ट).

बी-१२ किंवा फोलेट कमी असेल तर तांबड्या पेशी मोठ्या आणि अंडाकृती. गोल आणि मोठ्या असतील तर दारू, लिव्हर, थायरॉईड ह्यांचाही विचार करा. खरी खूण न्यूट्रोफिलमध्ये असते. १०० न्यूट्रोफिल मोजा, प्रत्येकाच्या न्यूक्लियसचे भाग मोजा. पाच भागांचे ५ किंवा जास्त, नाहीतर सहा भागांचा एक जरी सापडला तरी नोंद करा. दोन भाग वेगळे कधी धरायचे? मधला जोड केसासारखा बारीक धागाच असेल तर. जाडसर मान दिसली तर तो एकच भाग. ही मोजणी कंटाळवाणी आहे, वीस-तीस मोजून सोडावीशी वाटते, सोडू नका.

का ते सांगते. एकाच माणसात आयर्न आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर एकामुळे पेशी लहान होतात, दुसऱ्यामुळे मोठ्या, सरासरी एमसीव्ही ८० ते १०० फेमटोलीटरमध्ये येऊन बसते आणि मशीनचा रिपोर्ट नॉर्मल वाटतो. स्लाईडवर मात्र दोन्ही जातीच्या पेशी शेजारी शेजारी दिसतात आणि जास्त भागांचे न्यूट्रोफिल आपल्याला थांबवतात. आहाराच्या बाबतीत मायक्रोस्कोप मशीनच्या पुढे जातो तो इथे.

प्लेटलेट: शिरेच्या रक्ताच्या स्मिअरवर दहा ऑईल फील्डची सरासरी काढून साधारण १५,००० ते २०,००० ने गुणा, दर मायक्रोलीटरचा अंदाज मिळतो. गुच्छ असतील तर हा हिशोब करू नका.

९) न रंगवलेल्या थेंबावरचे निष्कर्ष

काचेवर थेंब, वर कव्हरस्लिप, समोर स्क्रीन, आणि लगेच सांगितलेला डाएट, असं कोणी केलं असेल तर खालच्या गोष्टी लक्षात ठेवा.

पेशींच्या चवडी: थेंब जाड असला किंवा काही मिनिटं पडून राहिला की होतात. खऱ्या असतील तर फायब्रिनोजेन किंवा ग्लोब्युलिन (रक्तातली प्रथिनं) वाढलेलं असतं, म्हणजे सूज किंवा आजार, प्रथिनं पचली नाहीत असा त्याचा अर्थ नाही.

काटेरी पेशी: काचेच्या संपर्काने आणि कडेने पाणी उडून गेल्याने थोड्याच वेळात तयार होतात. पाणी कमी प्यायल्याचा तो पुरावा नाही.

धागे: रक्त गोठताना तयार होणारं फायब्रिन नावाचं प्रथिन. बुरशी नाही.

हलणारे बारीक ठिपके: डार्क फील्डमध्ये (काळ्या पार्श्वभूमीवर वस्तू चमकवून दाखवणारी पद्धत) हे फार जिवंत वाटतात. तेलकट-तुपकट खाल्ल्यावर काही तास रक्तात चरबीचे कण फिरतात, ते असे थरथरताना दिसतात, आणि मरणाऱ्या पेशींचे तुकडेही तसेच थरथरतात. पाण्याचे रेणू धडकतात म्हणून ती हालचाल असते. एकाच जागी थरथरणं आणि स्वतःहून एका दिशेने पोहत जाणं ह्यात फरक करायला शिका.

रंगीत, टोकदार स्फटिक: बहुतेक वेळा काचेचा चुरा, धूळ, ग्लोव्ह्जची पावडर.

तपासा: त्याच माणसाचा दुसरा थेंब, नवीन स्वच्छ काच, पहिल्या मिनिटात बघा आणि मग वीस मिनिटांनी तीच जागा पुन्हा बघा. जे वीस मिनिटांत वाढलं ते काचेवर तयार झालंय.

एक मुलगी माझ्याकडे असाच स्क्रीनचा फोटो घेऊन आली होती, रक्तात बुरशी आहे म्हणून तिला तीन महिने अर्ध्याहून जास्त पदार्थ बंद केलेले, चेहरा ओढलेला, जिने चढताना धाप. तिची स्लाईड रंगवली तर पेन्सिल पेशी, नखाएवढा भागही नीट गुलाबी नाही. तिची पाळी वर्षभर खूप जास्त जात होती आणि हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

१०) रिपोर्टमध्ये काय लिहायचं आणि पुढे काय

जे दिसलं ते लिहा, कारण लिहू नका. "लहान व फिक्या पेशी, मध्यम प्रमाणात, पेन्सिल पेशी काही" हे बरोबर. "पालेभाज्या कमी" हे स्लाईडवर लिहिलेलं नसतं. पुढे सीबीसी, फेरिटिन, गरज असेल तर बी-१२ आणि फोलेट. निरोगी मोठ्या माणसात फेरिटिन १५ मायक्रोग्रॅम प्रति लीटरच्या खाली गेलं की साठा संपलाय असं धरतात, पण ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं असतं, म्हणून सोबत सीआरपी (सूज दाखवणारी टेस्ट) बघतात. आणि स्लाईड नॉर्मल आली म्हणून आयर्न भरपूर आहे असंही समजू नका, आधी साठा संपतो, मग हिमोग्लोबिन उतरतं, पेशींचा आकार सगळ्यात शेवटी बिघडतो.

सावधान: मोठ्या पेशी दिसल्या म्हणून नुसतं फोलिक अॅसिड सुरू करायचं नाही. कमतरता बी-१२ ची असेल तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. आणि पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत आयर्न कमी सापडलं तर आहाराला दोष द्यायच्या आधी पोटातून, आतड्यातून रक्त जात नाही ना हे डॉक्टरांकडून बघून घ्या.

उपचार सुरू झाल्यावर लोक चौथ्या दिवशी स्लाईड बघतात आणि निराश होतात. आयर्न सुरू केल्यावर नवीन पेशींची लाट ५ ते १० दिवसांत येते, ती रेटिक्युलोसाईट (नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी) काऊंटमध्ये दिसते. साध्या स्टेनवर महिनाभराने बघा, तेव्हा जुन्या फिक्या पेशी आणि नवीन नीट भरलेल्या पेशी अशी दोन गटांची स्लाईड दिसते, आणि जुन्या पूर्ण जायला तीन-चार महिने लागतात. बी-१२ सुरू केल्यावर जास्त भागांचे न्यूट्रोफिल साधारण दोन आठवडे दिसत राहतात, त्यामुळे औषध सुरू झालंय का हे मोजणीच्या आधी विचारा. पहिली स्लाईड टाकून देऊ नका, ऑईल टिपून, कागदात गुंडाळून, उजेडापासून लांब ठेवा आणि पुढच्या वेळी दोन्ही स्लाईड एकामागोमाग एकाच लेन्सखाली बघा.